कीटकनाशक कवकांतील एंझाइम-जनुके

कीटकाच्या अंगावर पडलेले बीजुक रुजून त्याची उपत्वचा (बाह्य कठीण आवरण) भेदणाऱ्या व अखेर त्याचा प्राण घेणाऱ्या कवकांना कीटकनाशक कवके म्हणतात. रेशमाच्या किड्यांचा मस्कार्डीन रोग कवकामुळे होतो, हे आगोस्तीनो बास्सी यांनी १८३५ मध्ये इटलीत सिद्ध केले. गव्हावरील भुंगेऱ्यांविरुद्ध हिरव्या मस्कार्डीन कवकाचा (मेटॅऱ्हायझियम) उपयोग करण्याची कल्पना ईल्या मेच्निकॉव्ह यांनी १८७९ मध्ये ओडेसा येथे मांडली. तथापि कवकाची लागण झालेला कीटक मरण्यास अनेक दिवस लागतात व तोवर तो पीक खातच राहतो. रासायनिक कीटकनाशकांपुढे ही कवके मागे पडली, त्याचे एक मोठे कारण ही दिरंगाई होय.

उपत्वचेतील कायटिनाचे तंतू प्रथिनात रुतलेले असतात. म्हणून कवक प्रथम प्रथिन-विघटक एंझाइमे स्रवते, कायटिनेज नंतर कामास येते. यांपैकी पीआर१ या प्रथिन-विघटक एंझाइमाचे जनुक रेमंड सेंट लेजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये वेगळे केले. १९९६ मध्ये त्यांनी त्याच्या जादा प्रती कवकात घातल्या व एरवी उपत्वचेपुरते स्रवणारे हे एंझाइम कीटकाच्या रक्तातही निर्माण होईल असे केले. तेव्हा तंबाखूवरील अळ्या मूळ कवकाच्या मानाने २५% कमी वेळात मेल्या व त्यांचे खाणे ४०% घटले. परंतु मृत अळ्या लवकर काळ्या पडल्या आणि त्यांवर बीजुके फारशी धरली नाहीत. असे कवक शेतात आपोआप पसरण्याचा संभव कमी, ही पर्यावरणाच्या दृष्टीने जमेची बाजू. शेतकऱ्याला मात्र ते पुन्हापुन्हा फवारावे लागेल.