पापनाशम् येथील एक हट्टी संगणक

तंजावराहून कुंभकोणास जाणाऱ्या रेल्वेवर पापनाशम् लागते. (तिरुनेल्वेलीकडील धरणाचे पापनाशम् ते निराळे. बदलीचा हुकूम हाती पडताच नकाशात भलत्याच ठिकाणी बोट ठेवणारे आमच्यासारखे आणखीही असतील.) तेथील नायककालीन धान्यकोठार पाहावे म्हणून आम्ही निघालो खरे, परंतु दिवस गेला तो एका तंजावरी मराठी कुटुंबाच्या माडीवर, चाळिसेक वर्षांच्या एका घरगुती संगणकासमोर.

यंत्र स्पेक्ट्रम प्लस जातीचे. घरातील कै. मास्तरांनी त्यावर देवनागरी अक्षरे घडविली होती आणि ती एका कॅसेटवर साठविली होती. आजच्या संगणकावर त्या यंत्राचे सोंग उभे करता येते, हे आम्ही सांगून पाहिले. 'अप्पांनी ज्यावर लिहिली त्यावरच पाहायची,' असे त्यांच्या चिरंजीवांनी उत्तर दिले. अडचण एवढीच की यंत्र मनात येईल तेव्हाच जागे होई. सकाळी तिसऱ्या-चौथ्या खेपेस उठे. एरवी पडद्यावर रंगीत चौकड्या. घरची मंडळी पुनःपुन्हा प्लग काढून लावीत.

हाच उपाय घातक होता, आणि तो का घातक हे समजण्यासाठी १९८२ सालच्या इंग्लंडात जावे लागते. केंब्रिज येथील सिंक्लेअर कंपनीने त्या वर्षी २३ एप्रिल रोजी स्पेक्ट्रम जाहीर केला. १६ के स्मृतीचे यंत्र १२५ पौंडांना, ४८ केचे १७५ पौंडांना. सामान्य घराला परवडावे हा हेतू, आणि म्हणून प्रत्येक चिपेत काटकसर. वरच्या ३२ केसाठी तर ६४ केच्या अशा चिपा घेतल्या की ज्यांचा निम्मा भाग कारखान्यातच नापास झालेला होता. चांगला निम्मा तेवढा वापरावयाचा! आमच्या मते ही काटकसर हिणविण्याजोगी नव्हे. तिच्यामुळेच १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात परवान्याने भारतातही जुळविले गेलेले हे यंत्र एका शाळामास्तराच्या माडीपर्यंत पोहोचले.

खालच्या १६ केसाठी ४११६ या क्रमांकाच्या आठ चिपा होत्या, आणि दुखणे येथेच होते. या चिपांना ५ व १२ व्होल्टांबरोबर उणे ५ व्होल्टही लागतात. बाहेरून मात्र ९ व्होल्टांचाच पुरवठा येतो. १२ आणि उणे ५ हे दोन दाब एक चिमुकले वेटोळे व एक ट्रान्झिस्टर आतल्या आत निर्माण करतात. उणे ५ आला नाही आणि १२ मात्र आला, तर चिप मरते. तेव्हा प्लगची प्रत्येक उघडझाप म्हणजे आठही चिपांचा जीव टांगणीला.

म्हणून आम्ही प्रथम प्लग काढून ठेवावयास लावला. पुढे मीटर लावून क्षणभरच पाहिले: ५ ठीक, १२ डळमळीत, आणि उणे ५ थंड यंत्रात उशिरा येणारा. कपॅसिटरांतील द्रव वर्षांनुवर्षे सुकत गेला होता. यंत्र किंचित तापले म्हणजे ते बरे वागत, म्हणून चौथ्या खेपेस यश. ते बदलताच तिन्ही दाब स्थिर झाले. आम्ही विजयी मुद्रेने कॉफी घेतली, आणि पुढच्याच खेपेस पुन्हा चौकड्या!

पडद्यावरचे चित्र याच खालच्या १६ केत राहते. त्यामुळे स्मृतीचा दोष डोळ्यांना दिसतो, ही या यंत्राची एक सोय. आठांपैकी एक चिप शेजारणींपेक्षा अधिक तापत होती. पुढच्या फेरीस चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरून दोन जुन्या ४११६ आणल्या. एक तिच्या पाठीवर बसवून पाहिली, तेव्हा यंत्र दहापैकी दहा वेळा उठले. मग आजारी चिप काढून नवी डाखली.

सुरू होताच यंत्र आपली सारी स्मृती तपासते, पडदा पुसते आणि तळाशी १९८२ चा हक्कलेख दाखविते. तो आल्यावर कॅसेट लावली. टेपरेकॉर्डरचे हेड स्क्रूने किंचित फिरवावे लागले; मग पडद्याच्या कडेला पट्टे धावू लागले.

या यंत्रात वापरणाऱ्याला स्वतःच्या आकृत्यांसाठी २१ जागा मिळतात, प्रत्येकी ८ बाय ८ ठिपक्यांच्या. सरफोजी राजांनी १८०५ साली तंजावरास देवनागरी छापखाना काढला. तेथे जुळाऱ्यांना खिळ्यांची अशी तोशीस नसावी. मास्तरांना मात्र २१ जागांत बाराखडीसुद्धा बसवावयाची होती. काना, मात्रा, अनुस्वार यांनीच काही जागा अडविल्या. उरलेल्यांत 'ष' नव्हता, 'ङ' नव्हता, 'ञ' नव्हता. 'ळ' होता, आणि त्याच्या वाटोळ्या पोटासाठी मास्तरांनी वहीत चार वेळा खाडाखोड केलेली चिरंजीवांनी आम्हांस काढून दाखविली.