सरासरीच्या पोटातले खड्डे

रस्त्याचं काम चालू असताना निरीक्षक एका ठिकाणी छोटासा खड्डा खणून थराची घनता तपासतो. आकडा बसला, की पुढचा थर टाकायला परवानगी. नाही बसला, तर चार पावलं पुढे जाऊन पुन्हा चाचणी, आणि वहीत जातो तो दुसरा आकडा. वही स्वच्छ राहते, रस्ता मात्र जसा आहे तसाच! अमेरिकेतही काही काळ असंच चाललं. या पद्धतीला तिथे जोराचा धक्का बसला तो एका कसून बांधलेल्या रस्त्यामुळे.

१९५६ साली अमेरिकेत ४१ हजार मैलांच्या आंतरराज्य महामार्गांसाठी कायदा झाला. खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्र सरकारचा होता. त्याच सुमारास इलिनॉय राज्यात, ओटावा गावाजवळ, राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांच्या ‘आशो’ या संघटनेचा मोठा प्रयोग उभा राहत होता. सहा वळसे आणि त्यांत वेगवेगळ्या जाडीचे आठशेहून अधिक तुकडे. ऑक्टोबर १९५८ ते नोव्हेंबर १९६० या काळात लष्कराच्या चालकांनी त्यांतल्या पाच वळशांवर मालमोटारी फिरवल्या. टिकून राहिलेल्या तुकड्यांवरून ११ लाखांहून अधिक वेळा आसांचा भार गेला. एकूण खर्च २ कोटी ७० लाख डॉलर.

कोणता रस्ता किती भार सोसतो, हे शोधायला हा प्रयोग होता. पण आणखी एक गोष्ट उघड झाली. एवढी कडक देखरेख असूनही घनता, जाडी, खडीची प्रतवारी हे आकडे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मागेपुढे होत होते. मग नेहमीच्या कामांत सगळ्या चाचण्या मर्यादेत कशा बसत होत्या? त्याच सुमारास काँग्रेस सदस्य जॉन ब्लॅटनिक यांची समिती महामार्गांच्या कामांतील गैरप्रकारांची चौकशी करत होती. त्यामुळे या प्रश्नाला धार आली.

उत्तर कारखान्यांत तयार होतं. टेलिफोन उद्योगातल्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्येच नियंत्रण-आलेख मांडला होता. चढउतार असणारच, त्यातला स्वाभाविक कोणता आणि बिघाडाचा कोणता, हे ओळखायचं, हा त्याचा गाभा. हेच श्यूहार्ट पुढे प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये भारतातही येऊन गेले.

साठच्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते विभागाने हा विचार रस्त्यांवर आणायला सुरुवात केली. कामाचे ठरावीक भाग पाडायचे. नमुना कुठून घ्यायचा, हे निरीक्षकाच्या नजरेवर न सोडता यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यावरून ठरवायचं. आलेला कोणताही आकडा खोडायचा नाही.

समजा, किमान घनता ९५ टक्के हवी आहे. दोन कंत्राटदारांची सरासरी ९७ आली. पहिल्याचे आकडे ९६ ते ९८ मध्ये आहेत, दुसऱ्याचे ९२ पासून १०२ पर्यंत. सरासरी सारखीच, पण जिथे ९२ आहे तिथे पाणी मुरणार आणि खड्डा पडणार. म्हणून सरासरीबरोबर विचलनही मोजायचं आणि कामाचा किती टक्के भाग मर्यादेत आहे, याचा अंदाज काढायचा. काम त्याहून उणं असेल, तर त्या प्रमाणात पैसे कापायचे. थोडक्या नमुन्यांवरून चांगलं काम नाकारलं जाण्याचा धोका कंत्राटदारालाही असतो. तोही आधीच हिशोबात धरायचा.

आपल्याकडेही केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांत घनतेच्या स्वीकृतीसाठी सरासरीबरोबर प्रमाण विचलन विचारात घेतलं जातं. सूत्र सोपं आहे. अवघड आहे ते नको असलेला आकडा वहीत तसाच राहू देणं. म्हणून नव्या रस्त्याचा गुणवत्ता अहवाल हाती आला, तर चाचण्या किती झाल्या हे जरूर पाहावं. पण त्याआधी विचारावं, की चाचणीची जागा कोणी निवडली?