रियाज, तालीम आणि जमिनीवरचे मासे

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर अम्मीला अर्धांगवायूचा झटका आला. फजरच्या नमाजसाठी वुजू करायला उठली आणि डावा पाय उचलेचना. आमच्या मालवणकडच्या रिवाजाप्रमाणे गाडी गोव्याच्या दिशेने धावली. बांबोळीला उपचार झाले, जीव वाचला. अल्हम्दुलिल्लाह. पण जीव वाचल्यावर पुढे काय, हा प्रश्न घरी आल्यावर समोर उभा राहिला.

व्यायाम शिकवणाऱ्या ताई लांबून आठवड्यातून दोनदा यायच्या. पाय दहा वेळा उचला, दहा वेळा ठेवा, असं सांगायच्या. ताई असेपर्यंत अम्मी करायची, त्या गेल्या की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी शाळेत पोरांना उर्दू आणि मराठी शिकवते. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळणारी मी, पण एका अम्मीला दहा वेळा पाय उचलायला लावू शकले नाही.

शेवटी भाईने तिला मुंबईला नेलं. सुट्टी होती, मीही गेले. उपनगरातल्या एका केंद्रात तिला घेऊन गेलो. तिथल्या एका खोलीत छताला प्रोजेक्टर बसवलेला होता आणि त्याचा उजेड खाली फरशीवर पडत होता. फरशीवर निळं पाणी आणि पाण्यात पोहणारे मासे. पाय टाकला की पाणी हलायचं आणि मासा पळायचा. अम्मी दारातच थांबली.

"मी काय ल्हान पोर आसंय? माका घराक ने."

तिथल्या मुलीने आग्रह केला नाही. फक्त एक मासा अम्मीच्या डाव्या पायाजवळ आणला. अम्मीने खाली पाहिलं. नारिंगी-निळा, पट्ट्यापट्ट्यांचा मासा. आयुष्य बांगडे-तारल्यांत गेलेल्या बाईला तो पटणं शक्यच नव्हतं. "असले मासे खंय गावतत?" असं पुटपुटत तिने डावा पाय पुढे टाकला. मुलीने कमरेच्या पट्ट्याला धरून ठेवलं होतं. मासा पळाला. अम्मीने पुन्हा पाय टाकला. त्या वीस मिनिटांत तो पाय किती वेळा उचलला गेला हे मी मोजायचं विसरले. यंत्राने मात्र मोजलं होतं.

परतताना टॅक्सी हाजीअलीवरून गेली. अम्मीने एक हात उचलून फातिहा पढली. भाई म्हणाला, "इथलं लहान मुलांचं हॉस्पिटल आहे ना, ते एका मुसलमान बाईने सुरू केलेलं." मी बी.एड. झालेली, इतिहासाची पुस्तकं वाचणारी. मला तिचं नावही माहीत नव्हतं. हा लेख त्या शरमेतून लिहिते आहे.

आधी थोडं शब्दांबद्दल, कारण भाषेच्या शिक्षिकेला ते टाळता येत नाही. इब्ने सीनाने साधारण १०२५ च्या सुमारास पूर्ण केलेला 'अल-कानून फित्तिब्ब' हा ग्रंथ युरोपातल्या विद्यापीठांत कित्येक शतकं शिकवला गेला. त्यात व्यायामावर स्वतंत्र प्रकरणं आहेत. व्यायामासाठी त्याचा अरबी शब्द आहे 'रियाजत'. तोच शब्द मराठीत 'रियाज' होऊन गवयाच्या घरी आला. कुस्ती, धावणं, घोडेस्वारी यांच्या जोडीने इब्ने सीना एका पायावर उड्या मारणं हाही व्यायाम सांगतो. म्हणजे आपली लंगडी! अशक्त माणसांसाठी तो सौम्य हालचाली सुचवतो. त्यात झोपाळा आहे, होडीत बसणंही आहे. 'तालीम' शब्दाची गंमत अशीच. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे पैलवानांचा आखाडा आणि नाटकाचा सरावही. शिकणं, शरीर घडवणं आणि पुन्हा पुन्हा करणं, तिन्ही एकाच शब्दात. अम्मीला जे हवं होतं ते नेमकं हेच होतं.

आता हाजीअलीच्या बाईंकडे येऊ. त्यांचं नाव फातिमा इस्माईल. मुंबईच्या श्रीमंत सोबानी घराण्यात १९०३ साली जन्म. त्यांचे भाऊ उमर सोबानी म्हणजे गांधीजींचे निकटचे सहकारी. ३१ जुलै १९२१ रोजी परळमध्ये विदेशी कापडाची प्रचंड होळी झाली, ती या उमर सोबानींच्याच गिरणीच्या आवारात. फातिमाबाई स्वतः महिला चळवळीत काम करत होत्या. १९४०च्या दशकात त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

त्या काळी पोलिओवर लस नव्हती. साल्क यांची लस १९५५ साली आली. पाय लुळा पडला की 'नशीब' म्हणून मूल घरात बसवायचं, एवढाच उपाय बहुतेकांना माहीत होता. फातिमाबाई मुलीला घेऊन मद्रासला डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे गेल्या. पुढे पुण्यात, युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना जिथे व्यायामाने पुन्हा उभं केलं जात होतं, तिथल्या लष्करी सोयीचा फायदा त्यांनी मुलीला मिळवून दिला. मुलीत सुधारणा झाली. आपल्या मुलीला जे मिळालं ते गरिबाच्या मुलाला का मिळू नये, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता.

१९४७ साली त्यांनी अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. प्रख्यात शल्यचिकित्सक डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी चौपाटीवरची आपली जागा दवाखान्यासाठी दिली. देश फाळणीच्या आगीत होरपळत होता ते हे साल. त्याच साली मुंबईत एक मुसलमान बाई आणि एक कोकणी हिंदू डॉक्टर मिळून लुळ्या पायांची पोरं उभी करायचा खटाटोप सुरू करतात, हे माझ्या वर्गातल्या पोरांना सांगण्यासारखं आहे. संस्था पुढे हाजीअलीला स्थिरावली, मुलांचं हाडांचं रुग्णालय उभं राहिलं. १९५८ साली फातिमाबाईंना पद्मश्री मिळाली, पुढे त्या राज्यसभेवरही होत्या. त्याच हाजीअली परिसरात १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या मदतीने केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था सुरू झाली. दर्ग्यावर मन्नत मागायला येणाऱ्यांना समोरच पाय चालवायला शिकवणारी जागाही मिळाली.

याच काळात मुंबईत आणखी एक बाई काम करत होत्या, कमला निंबकर. जन्माने अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लुंडी. मराठी माणसाशी लग्न करून त्या कमला झाल्या. १९५० साली त्यांनी परळच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. आज ज्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, त्याची भारतातली सुरुवात ही. त्यामागचा विचार साधा आहे. रुग्णाला नुसता व्यायाम देऊ नका, अर्थ असलेलं काम द्या. मोठ्याला विणकाम, सुतारकाम. मुलाला मणी, चेंडू, ठोकळे. मुलाचं काम म्हणजे खेळच. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा आम्हा शिक्षकांना ठाऊक असते, पण ज्यांचं नाव तिला आहे त्यांचं हे मूळ काम आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे खेळातून उपचार ही कल्पना कंप्युटरने आणलेली नाही. प्रोजेक्टर नवा आहे, इतकंच.

जमिनीवर आखून खेळणं तर आपलं फारच जुनं. सारवलेल्या अंगणात कोळशाने घरं आखायची, ठिकरी टाकायची, एका पायावर तोल सांभाळत ती ढकलायची. रेघेवर पाय पडला की बाद. रेघ पायाला शिस्त लावते. हे डॉक्टरांच्याही लक्षात आलं. ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ साली लिहून ठेवलं की कंपवाताच्या ज्या रुग्णाचे पाय जमिनीला खिळून राहतात, त्याच्यापुढे आडव्या रेघा आखल्या तर तो त्या ओलांडत चालू लागतो. पाय तोच, मेंदू तोच, फक्त समोर ओलांडायला काहीतरी आलं.

याच सुमारास, १९६९ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात मायरन क्रूगर आणि त्यांचे सहकारी एक खोली सजवत होते. तिच्या फरशीत पावलाचा दाब ओळखणारी साधनं होती, माणूस चालला की खोलीतला उजेड आणि आवाज बदलायचा. ते कलेचं प्रदर्शन होतं, दवाखाना नव्हता. पण जमीन माणसाला 'उत्तर' देऊ लागली ती तिथे. पुढे १९९८ साली जपानमधून पावलांनी खेळायचा नाचाचा खेळ आला. २००६ साली निन्टेन्डोचं वी, त्यानंतर तोल मोजणारी त्याची फळी आणि २०१० साली मायक्रोसॉफ्टचं कायनेक्ट आलं. ही सगळी खेळणी होती. फिजिओथेरपिस्टनी ती दिवाणखान्यातून उचलून उपचाराच्या खोलीत नेली.

अम्मीने पाहिलेली फरशी याच घराण्यातली. छताला प्रोजेक्टर आणि त्याच्या शेजारी कॅमेरा. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी कॅमेरा पाय कुठे आहे ते पाहतो, म्हणजे प्रोजेक्टरच्या रंगीत उजेडाने त्याची फसगत होत नाही. पाऊल चित्रावर आलं की कंप्युटर चित्र बदलतो. अंगाला तार नको, हातात काही धरायला नको. थेरपिस्ट माशाचा वेग कमी-जास्त करू शकतो, मासा कमजोर बाजूलाच आणू शकतो. झटका आलेला माणूस सगळा भार चांगल्या पायावर टाकतो. मासा डावीकडे आला की भार डावीकडे जातोच.

पण मग दहा वेळा सांगूनही न उचलणारा पाय माशासाठी का उचलला गेला? हालचाल शिकण्यावर संशोधन करणाऱ्या गॅब्रिएल वुल्फ यांनी १९९८ पासून अनेक प्रयोगांतून दाखवलं आहे की माणसाचं लक्ष स्वतःच्या अवयवाकडे असण्यापेक्षा हालचालीच्या बाहेरच्या परिणामाकडे असेल तर हालचाल बहुधा चांगली जमते. घरी अम्मीचं लक्ष पायावर होतं, म्हणजे आपल्या दुखण्यावर. तिथे ते माशावर होतं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर हा लेख जाहिरात होईल. झटक्यानंतरच्या उपचारांत असे कंप्युटरचे खेळ किती उपयोगी, याचा कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली आढावा घेतला. त्यात ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्ण होते. हाताच्या हालचालीपुरतं त्यांचं म्हणणं असं, की नेहमीच्या व्यायामाच्या जागी खेळ ठेवला तर फार फरक दिसत नाही. नेहमीच्या व्यायामात त्याची भर घातली तर फायदा होऊ शकतो, कारण सरावाचा एकूण वेळ वाढतो. म्हणजे पुन्हा रियाजच. खेळ रियाज कंटाळवाणा होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. शिवाय फरशीवर हलतं चित्र पाहून काहींना गरगरतं, तोल जाऊ शकतो. जवळ धरणारं माणूस नसेल तर तोच खेळ खुब्याचं हाड मोडू शकतो.

आमची सुट्टी संपली, अम्मीला घेऊन मालवणला परत आलो. इथे तसली फरशी नव्हती. निघताना केंद्रातल्या त्या मुलीनेच सांगितलं होतं, "मॅडम, खडूने आखलं तरी चालेल." मी पडवीत रंगीत चिकटपट्टीने आडव्या रेघा मारल्या. माझ्या मुलाने मधल्या जागेत खडूने मासे काढले, अम्मीच्या सांगण्यावरून खरे बांगडे, पाठीवरच्या रेघांसकट. पहिल्या दिवशी शेजारच्या खाला म्हणाल्या, "या वयात हा काय खेळ-तमाशा?" मी त्यांना इब्ने सीनाची लंगडी सांगितली. त्या हसल्या, पण दुसऱ्या दिवसापासून अम्मीला धरायला त्याच येऊ लागल्या.

अम्मी आज काठी घेऊन चालते. डावा पाय अजून ओढतो. नमाज खुर्चीवर बसून पढते. चमत्कार झालेला नाही आणि मला तो सांगायचाही नाही.

मला सांगायचं आहे ते वेगळं. भारतात रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. फातिमाबाईंनी ज्या आजारासाठी दार उघडलं तो आजार गेला. पण त्या दाराची गरज गेलेली नाही. आता तिथे झटका आलेले म्हातारे आहेत, अपघातात पाय गमावलेले तरुण आहेत, जन्मापासून हात-पाय आखडलेली मुलं आहेत. आमच्या किनाऱ्यावर ही माणसं घराघरांत भिंतीकडे तोंड करून पडलेली आहेत, कारण रोजचा सराव करून घेणारं कोणी जवळ नाही.

आपल्या जमातींच्या बैठकांत रुग्णवाहिकेसाठी वर्गणी निघते, ते चांगलंच आहे. त्यासोबत आठवड्यातून चार दिवस गावात येणारा एक फिजिओथेरपिस्ट आणि एक रिकामी खोली, एवढ्याची वर्गणी निघू शकते का? अनेक शाळांत प्रोजेक्टर पडून आहेत, त्यांचं पुढे पाहता येईल. आधी माणूस हवा, मग खडू, मग यंत्र. फातिमाबाईंनीही सुरुवात एका उसन्या जागेपासूनच केली होती.