मेंदूतली स्थळप्रत

हात हलवण्याचा किंवा डोळा फिरवण्याचा हुकूम मेंदूकडून स्नायूंकडे निघतो, तेव्हा त्याची एक नक्कल मेंदूतच मागे राहते. शास्त्रीय भाषेत तिला ‘इफरन्स कॉपी’ म्हणतात. कचेरीच्या मराठीत सांगायचे तर ही जावक पत्राची स्थळप्रत. कृतीचा परिणाम ज्ञानेंद्रियांमार्फत आवक झाला की तो या प्रतीशी ताडून पाहिला जातो. जुळला तर त्याची फारशी दखल घेतली जात नाही; जुळला नाही तर मेंदू सावध होतो. कृतीचे फळ अनपेक्षित आहे हे मेंदूला कळते ते या ताळ्यामुळे.

कल्पनेचे मूळ एका साध्या कोड्यात आहे. डोळे डावीकडून उजवीकडे फिरले की डोळ्याच्या पडद्यावर सगळे चित्र सरकते, तरी खोली स्थिर दिसते. उलट पापणीवरून बोटाने बुबुळ हलकेच ढकलले की खोलीच हलल्यासारखी वाटते. दोन्ही वेळा चित्र सरकतेच. मग फरक कशाचा? जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1867 मध्ये पूर्ण झालेल्या दृष्टिविषयक ग्रंथात याचे उत्तर शोधले. डोळ्याचा स्नायू लुळा पडलेल्या रुग्णाने बाजूला पाहण्याचा प्रयत्न केला, तर डोळा जागचा हलत नाही, पण समोरचे दृश्य झटकन सरकल्याचा भास होतो. म्हणजे मेंदू डोळ्याच्या हालचालीचा हिशेब डोळ्याकडून मागवत नाही, स्वतः दिलेल्या हुकमावरून मांडतो. हेल्महोल्ट्झ याला इच्छेचा प्रयत्न म्हणत. विचार अचूक होता, पण प्रयोगाने तपासायला तो फार निसटता होता.

तपासणी झाली ती 1950 मध्ये, एका माशीवर. एरिख फॉन होल्स्ट आणि होर्स्ट मिटेलश्टेट यांनी ‘एरिस्टॅलिस’ ही मधमाशीसारखी दिसणारी माशी आतून उभे पट्टे ओढलेल्या नळकांड्यात ठेवली. नळकांडे उजवीकडे फिरवले की माशीही उजवीकडे वळे. पण ती आपण होऊन डावीकडे वळते तेव्हाही पट्टे तिच्या डोळ्यांपुढून उजवीकडेच सरकतात. मग त्या ओढीने ती पुन्हा मागे का खेचली जात नाही? आपण होऊन हालचाल करताना ही प्रतिक्षिप्त क्रिया बंद राहते, असे तोवरचे सोपे उत्तर होते. संशोधकांनी माशीची मान 180 अंशांनी पिळून तशीच पक्की केली, त्यामुळे डाव्या-उजव्या डोळ्यांची अदलाबदल झाली. आता नळकांडे उजवीकडे फिरले की माशी डावीकडे वळू लागली. क्रिया खरोखर बंद राहत असती, तर आपणहून चालताना माशीला काहीच अडचण यायला नको होती. प्रत्यक्षात ती गरागरा फिरू लागली. मेंदूने एका दिशेच्या सरकण्याची अपेक्षा धरली होती, आले उलट दिशेचे. प्रत्येक दुरुस्तीने तफावत वाढतच गेली. हा युक्तिवाद या साऱ्या कुळकथेतला सर्वांत देखणा टप्पा मानायला हवा. आतापर्यंत शरीरशास्त्र विचारत होते की बाहेरून आलेल्या संवेदनेचे मेंदू काय करतो. या दोघांनी प्रश्न उलटा धरला: मेंदूने धाडलेल्या हुकमातून परत काय येते? ‘इफरन्स कॉपी’ची मूळ जर्मन संज्ञा या प्रयोगावरच्या त्यांच्या निबंधातली.

त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर स्पेरी स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. डोळा उलटा बसवलेला मासा सतत गोल फिरतो, याचे स्पष्टीकरण देताना त्यांनी ‘कोरोलरी डिस्चार्ज’, म्हणजे हुकमासोबत निघणारा जोडसंदेश, ही संज्ञा वापरली.

पुढचा प्रश्न होता: प्रतच चुकीची ठरली तर? 1981 मध्ये कर्टिस बेल यांनी आफ्रिकेतल्या विद्युत-माशांवर याचा शोध घेतला. हा मासा अंगातून विजेचे बारीक ठोके सोडतो. औषधाने ठोका बंद पाडला तरी मेंदूतून हुकूम निघतच राहतो. त्या प्रत्येक हुकमाला जोडून बाहेरून कृत्रिम विद्युत-संवेदना काही काळ दिली आणि मग थांबवली, तर त्या क्षणी मेंदूत नेमकी तिच्या उलट नोंद उमटली. अनपेक्षित निकाल वारंवार येऊ लागला की मेंदू अपेक्षाच बदलतो, आणि त्याला काही मिनिटेच लागतात.

माणसाच्या बाबतीत पुरावा गुदगुल्यांतून मिळाला. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी लंडनमध्ये, 1990 च्या दशकाच्या अखेरीस, डाव्या हाताने यंत्र हलवून उजव्या तळहातावर मऊ स्पर्श करवला. हालचाल आणि स्पर्श यांत अंतर नसे तेव्हा गुदगुल्या कमी वाटत. हे अंतर वाढवत नेले तसतशा त्या वाढत गेल्या. स्पर्श तोच, पण उशिरा आलेला म्हणून परका. या ताळमेळात अनुमस्तिष्काचा मोठा वाटा असल्याचे मेंदूच्या प्रतिमांतून दिसले. छिन्नमनस्कतेच्या काही रुग्णांना आपलीच हालचाल दुसरा कोणी करवतो असे वाटते. त्यामागे याच ताळमेळातला बिघाड असावा, असे फ्रिथ यांनी मांडले.

2006 मध्ये जेम्स पूले आणि बर्थोल्ड हेडविग यांनी नकलेची प्रत्यक्ष वाहक चेतापेशी रातकिड्यात दाखवून दिली. रातकिडा किरकिरतो तेव्हा प्रत्येक स्वरागणिक ही पेशी त्याच्या श्रवणपेशींना दाबून ठेवते, म्हणून स्वतःच्या कर्कश आवाजाने तो बहिरा होत नाही. पेशीला दिलेल्या नावात स्पेरी यांचीच संज्ञा आहे.