पंप थांबल्यानंतर: तलावाचा हीटर आणि उलट फिरणारे क्लोरीन

१८४६ च्या कायद्यानंतर ब्रिटनमध्ये उभ्या राहिलेल्या सार्वजनिक स्नानगृहांत तलाव भरायचा, काही दिवस वापरायचा आणि पाणी गढूळले की रिकामा करायचा, अशी रीत होती. पाणी शिळे होत जाई तसा प्रवेशाचा दरही अनेक ठिकाणी उतरत असे. ही रीत क्लोरीनने मोडली. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पिण्याच्या पाण्यात क्लोरीन नियमितपणे मिसळले जाऊ लागले, त्यानंतर थोड्याच वर्षांत ब्राउन विद्यापीठाच्या तलावात ब्लीचिंग पावडर वापरली गेली, आणि पुढे तेच पाणी गाळून, तापवून, औषध घालून पुन्हा तलावात सोडण्याची पद्धत रुळली. पंप, गाळणी, हीटर आणि औषध एकाच नळावर आले, आणि हीटरच्या दुखण्याचे मूळ या शेजारात आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रायक्लोरच्या, म्हणजे क्लोरीन आणि सायन्यूरिक आम्ल यांच्या घन संयुगाच्या, गोळ्या प्रचारात आल्यावर हे दुखणे बळावले. या गोळ्यांच्या द्रावणाचा सामू, म्हणजे आम्लतेचे मान, सुमारे ३ असतो, जवळजवळ व्हिनेगरइतका. पाणी वाहते असेपर्यंत हे आम्ल विरळ होऊन निघून जाते. पंप थांबला की मात्र क्लोरिनेटरमध्ये, म्हणजे नळावर बसवलेल्या गोळ्यांच्या बंद डब्यात, गोळ्या विरघळतच राहतात आणि तीव्र द्रावण, साठलेल्या वायूसह, नळातून मागे हीटरकडे सरकते. हीटरच्या आतील पातळ तांब्याच्या नळ्यांवरचा संरक्षक थर त्याने उतरतो, तांबे पाण्यात मिसळते, तलावाच्या गिलाव्यावर निळसर-हिरवे डाग उमटतात, पोहणाऱ्यांच्या सोनेरी केसांवर हिरवट झाक चढते (तिचा दोष लोक उगाच क्लोरीनला देतात), आणि अखेर नळीला सुईच्या टोकाएवढे भोक पडते.

यावरील उपाय क्लोरीनहून कितीतरी जुना आहे. प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारी झडप इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिअसच्या पंपात होती आणि रोमन वास्तुकार विट्रुव्हिअसने तिचे वर्णन केले आहे. आजचे प्लंबर तिलाच एनआरव्ही म्हणतात. तलावाच्या जोडणीत ती हीटर आणि क्लोरिनेटर यांच्या मधे बसते, परंतु तिची स्प्रिंग आणि रबरी बैठक हीही त्याच आम्लाची भक्ष्ये असल्याने ती गंजरोधक मिश्रधातूची आणि रसायनाला टिकणाऱ्या रबराची असावी लागते, आणि वेळोवेळी उघडून पाहावी लागते. म्हणूनच झडपेपेक्षा जोडणीचा क्रम अधिक महत्त्वाचा ठरतो: आधी पंप, मग गाळणी, मग हीटर, आणि क्लोरिनेटर सर्वांत शेवटी. गोळ्या तलावाच्या काठावरील कचरा अडवणाऱ्या जाळीत टाकल्या, तर हा क्रमच उलटतो. रात्रभर साचलेले आम्लयुक्त पाणी सकाळी पंप सुरू होताच थेट हीटरमध्ये शिरते, आणि तेथे कोणतीही झडप कामास येत नाही.