एक नंबरचं कॉलेज आणि वाशीमचा नकाशा

मागच्या रविवारी सकाळी मालेगावहून मामेभावाचा फोन आला. (मालेगाव म्हणजे आमचं, वाशीम जिल्ह्यातलं. नाशिकवालं नव्हे. हा खुलासा मी पुण्यात आल्यापासून करतोय.) पोरगी बारावीला आहे, इंजिनिअरिंग करायचं म्हणते.

"भाऊ, तू पुण्यात राहतं, तुले ठाऊक असन. महाराष्ट्रात एक नंबरचं कॉलेज कोणतं ते सांग. पोरीले तिथंच टाकू."

आता सॉफ्टवेअरवाल्याला असं काही विचारलं की तो काय करतो? एक्सेल उघडतो. मीही उघडलं. केंद्र सरकारची एनआयआरएफची यादी २०१६ पासून दरवर्षी निघते. तिची रचना मला आवडते, कारण वजनं उघड सांगितलेली आहेत : शिकवणं आणि साधनं ३० टक्के, संशोधन ३० टक्के, पास झालेल्यांचं पुढे काय होतं याला २०, कोणकोणत्या थरांतली मुलं येतात याला १०, आणि उरलेले १० टक्के 'लोकांना काय वाटतं' याला. थोडक्यात आमच्या अप्रेझलसारखंच. दहा टक्के तुमचा मॅनेजर तुमच्याबद्दल कुणाशी काय बोलतो त्यावर!

यादीतून महाराष्ट्र वेगळा काढला. वर आयआयटी मुंबई, हे सांगायला यादी कशाला हवी. त्याखालची नावंही ओळखीचीच, बहुतेक मुंबई-पुण्याची. 'कॉलेज' या गटातल्या पहिल्या शंभरांत वाशीम जिल्ह्यातलं एकही नाही, यात मला आश्चर्य वाटलं नाही. मग सहज एक रकाना वाढवला, स्थापनेच्या वर्षाचा. आणि रविवार तिथेच अडकला.

पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ सालचं. सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून काढलेला एक वर्ग, त्याचं पुढे सीओईपी झालं. मुंबई विद्यापीठ १८५७. व्हीजेटीआय १८८७. माटुंग्याचं यूडीसीटी, म्हणजे आताचं आयसीटी, १९३३. आता आमच्याकडचं बघा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. म्हणजे पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग भरायला लागला तेव्हा वाशीमचा मालक बदलून जेमतेम वर्ष झालं होतं. वऱ्हाडातलं पहिलं कॉलेज, अमरावतीचं किंग एडवर्ड, निघालं १९२३ साली. अमरावतीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६४ साली. पुणे आणि अमरावती यांच्यात सरकारी इंजिनिअरिंगचं अंतर किती? ११० वर्षं.

या मधल्या काळात हुशार पोरं काय करायची? बाहेर जायची. दादासाहेब खापर्डे (जन्मसाल १८५४, म्हणजे सीओईपीच्याच वयाचे) मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. पंजाबराव देशमुख पुण्याला फर्ग्युसनला गेले, तिथून एडिंबरा आणि ऑक्सफर्ड. ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहिणारा हा माणूस परत अमरावतीला आला आणि त्याने श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या ज्या शाळा-कॉलेजांतून शिकल्या त्यातली किती या एका संस्थेची! एनआयआरएफमध्ये याला कुठल्या रकान्यात मार्क द्यायचे ते मला कळलेलं नाही.

पण नुसतं वय धरून चालत नाही. माझ्या थिअरीला पहिला धक्का नागपूर विद्यापीठानेच दिला. ते ४ ऑगस्ट १९२३ चं, सहा कॉलेजं आणि ९२७ विद्यार्थ्यांवर सुरू झालेलं. पुणे विद्यापीठ १९४९ चं. म्हणजे नागपूर २६ वर्षांनी मोठं, आणि तरी यादीत पुणे पुढे. कारण पुण्याला विद्यापीठ यायच्या आधीच फर्ग्युसन होतं, डेक्कन होतं, इंजिनिअरिंग कॉलेज होतं. १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आली. नागपूरची मात्र १९५६ साली राजधानीच गेली. तेव्हा मी रकान्याचं नाव बदललं. 'स्थापना' खोडून लिहिलं : 'त्या वेळी मागे कोण उभं होतं?'

या रकान्यात वाशीमची गोष्ट फारच वाईट दिसते. शाळेत आम्हाला ती कुणी सांगितली नव्हती.

वाशीम हा नवा जिल्हा, १ जुलै १९९८ ला अकोल्यातून फोडला, एवढंच मला माहीत होतं. प्रत्यक्षात तो जुनाच जिल्हा. इंग्रजी अमलात 'बासिम' नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांताला जोडला, आणि १९०५ च्या फेररचनेत बासिम मोडून बराचसा अकोल्यात घातला. पुढची ९३ वर्षं वाशीम तालुक्याचं गाव. आता हे वरवर कारकुनी वाटतं. पण आपल्याकडे सरकारी गोष्टी जिल्ह्याला एक अशा हिशेबाने येतात : एक मोठं हॉस्पिटल, एक पॉलिटेक्निक, एक अमुक, एक तमुक. जिल्हाच नाही तर वाटाही नाही.

याचा सगळ्यात मासलेवाईक नमुना म्हणजे दांडेकर समिती. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला सांगितलं होतं की पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळेल आणि तंत्रशिक्षणातही वाटा मिळेल. घटनेच्या ३७१(२) कलमात तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींचा चक्क उल्लेख आहे. तीस वर्षांनी, १९८३ मध्ये, कोणता भाग किती मागे राहिला हे मोजायला सरकारने वि. म. दांडेकरांची समिती नेमली. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, तंत्रशिक्षण अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती खाली, ते त्यांनी मोजलं. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष निघाला सुमारे ३१८७ कोटी, त्यात विदर्भाचा जवळजवळ ३९ टक्के. मोजायचं एकक जिल्हा. आणि वाशीम तेव्हा जिल्हाच नव्हता. आमचे रिसोड, मानोरा, मंगरूळपीर सगळे अकोल्याच्या आकड्यात विरघळलेले. रोज डेटाशी झटापट करणाऱ्या कुणालाही हा बग ओळखू येईल. चुकीच्या ग्रुप-बायवर सरासरी काढली की तळातली ओळ दिसतच नाही.

उलटही बघा. जिल्हा झाल्यावर वाशीम निदान यादीत आलं. २०१८ साली नीती आयोगाच्या 'आकांक्षित जिल्ह्यां'त महाराष्ट्रातले चार होते, त्यात आम्ही. (मागास म्हणायचं नाही, आकांक्षित म्हणायचं!) आणि ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या ज्या दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं एकदम उद्घाटन झालं, त्यात वाशीमचं होतं. तालुका राहिलो असतो तर ते आलं असतं असं मला वाटत नाही.

आता थोडं स्वतःबद्दल. १ मे १९८३ ला नागपूर विद्यापीठातून पश्चिम विदर्भ काढून अमरावती विद्यापीठ झालं. हेतू चांगलाच होता, मार्कशीटच्या एका चुकीसाठी नागपूरची एसटी धरायला नको. पण मी २००२ साली अ‍ॅडमिशनला उभा राहिलो तेव्हा इंजिनिअरिंगच्या ७० टक्के जागा 'होम युनिव्हर्सिटी'च्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना होत्या. नागपूरच्या कॉलेजांत आम्ही बाहेरचे, पुण्यात तर बाहेरचेच. वर्गात माझ्याहून दोनच मार्क मागे असलेला मित्र पुण्याच्या नातेवाइकांकडे राहून बारावी झाला असता तर कुठे पोचला असता, यावर आम्ही कट्ट्यावर तासन् तास वाद घातलेत.

मी कुंपणाला खूप शिव्या दिल्या. पण खरं सांगायचं तर मला सीट मिळाली ती कुंपणाच्या आतली. अमरावती विद्यापीठातल्या त्या ७० टक्क्यांत माझं नाव होतं. सगळं राज्य खुलं असतं तर मुंबई-पुण्याच्या क्लासवाल्या पोरांपुढे माझा नंबर लागला नसता. कॉलेज म्हणाल तर यथातथाच. लॅबमध्ये वीस मशीन, त्यातली चालू अकरा. सी++ मी अर्धं वहीत शिकलो. पण एक सर होते, संध्याकाळी सहानंतर स्वतःच्या किल्लीने लॅब उघडून बसायचे. आज मी जे काही आहे त्यात त्या दोन वर्षांच्या संध्याकाळींचा वाटा किती, हे मला नक्की माहीत आहे. कोणत्याही यादीत तो नाही.

(मेडिकलचा विभागवार ७०:३० चा नियम राज्य सरकारने २०२० मध्ये रद्द केला. मराठवाड्याने आनंद केला, विदर्भात काहींनी कपाळाला हात लावला. दोघांचंही बरोबर होतं.)

जाता जाता एक गंमत. प्रदेशांची गुणवत्ता लावायचा उद्योग आजचा नाही. संस्कृत काव्यशास्त्रात रीतींना प्रदेशांची नावं होती : वैदर्भी, गौडी, पांचाली. वामनाने वैदर्भीला सगळे गुण असलेली म्हणून वरचा नंबर दिला. आणि दहाव्या शतकाच्या आगेमागे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त एक कथा रचली : साहित्यविद्या नावाची वधू काव्यपुरुषाच्या मागे देशोदेशी फिरते, पूर्वेकडे, पांचालात, अवंतीत, दक्षिणेत. शेवटी दोघांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आमचं वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात, त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. पण या शाखेचा पत्ताच इतिहासाला लागला तो १९३९ साली वाशीमला ताम्रपट सापडल्यावर. तोवर एक नंबरवालं गाव स्वतःचा नंबर विसरून तालुका म्हणून जगत होतं! वत्सगुल्मच्याही मागे तेव्हा राजधानी उभी होती, हे मात्र माझ्या नव्या रकान्यात बरोबर बसतं.

असो. भावाला रात्री फोन केला. एक नंबरचं नाव सांगितलं, कारण त्याने तेच विचारलं होतं. मग म्हटलं, ते राहू दे, तिच्या मार्कांत बसणारी चार कॉलेजं काढ, प्रत्येक ठिकाणी जा, आणि ऑफिसात नको, तिसऱ्या वर्षाच्या पोरापोरींना विचार : लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते, आणि किल्ली कुणाकडे असते?

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "एवढ्यासाठी काहून जायचं बाप्पा?" तेवढ्यात पोरीने फोन घेतला. "काका, मी लिहून घेतलं," म्हणाली. शनिवारी दोघं अमरावतीला जातायत, रविवारी शेगाव. गजानन महाराजांचं दर्शनही होईल म्हणून वहिनीपण तयार झाल्यात.