ऑपरेशन लेकराचं, घोर आईला



आजारी लेकराला घेऊन कुर्डुवाडीच्या फलाटावर उभी असलेली आई आपल्याला नवी नाही. 1897 साली बार्शीची छोटी गाडी इथून सुरू झाली. 1927 साली तिचे रूळ पंढरपूरहून पुढे मिरजेला पोचले. मिरजेत डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल 1894 पासून होतं. म्हणजे मोठ्या ऑपरेशनची वाट आपल्या गावावरून जात होती. डॉक्टरांचं नाव इतिहासात आलं, गाडीचं आलं. मांडीवर लेकरू घेऊन रात्र काढणाऱ्या आईच्या मनाचं काय झालं, ते मात्र आम्हाला कुठं वाचायला मिळालं नाही.

त्या काळी इंग्लंडात बहुतेक दवाखाने आईला मुलाजवळ राहू देत नसत. आईला बघून मूल रडतं, म्हणून ती न आलेली बरी, असं म्हणत. 1952 साली जेम्स रॉबर्टसन यांनी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस दवाखान्यात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला. गप्प बसलेलं मूल आतून किती खचलेलं असतं, ते त्यात दिसलं. 1959 साली सरकारी समितीनं सांगितलं, आईला मुलाजवळ येऊ द्या, राहू द्या. तरी बरेच दवाखाने बदलेनात. मग 1961 साली लंडनमधल्या काही आया एकत्र आल्या आणि त्यासाठी संघटना बांधून झगडल्या.

आपल्याकडे आई उशाशीच असते. खर्चाचा भारही थोडा हलका झाला. जुलै 2012 मध्ये जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात आपलं सोलापूर होतं. तीच आजची महात्मा फुले जन आरोग्य योजना. 2013 साली पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा मुलांची तपासणी होते. कागद लेकराचा होतो. आईला कसं वाटतं, हे विचारायचं राहूनच जातं.

आम्हीही तेच केलं. गटातल्या एकीच्या बाळाचा ओठ जन्मतः फाटलेला होता. ऑपरेशन चांगलं झालं, पण ती बैठकीला येईना. "ग्रहणात विळी धरली होतीस का?" असं तिला घरीदारी ऐकावं लागत होतं. आम्ही तिच्या दारात गेलो आणि पहिल्यांदा विचारलं ते हप्त्याचं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा आम्हाला आमची चूक कळली.

ग्रहणाचा आणि फाटलेल्या ओठाचा काही संबंध नाही, हे आता आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. कुणाच्या लेकराचं ऑपरेशन असलं की एकजण सोबत जाते, दुसरी घरच्या मुलांच्या भाकरीचं बघते. परत आल्यावर आधी आईची झोप, जेवण विचारतो. दोन आठवडे झोप नाही, सारखं रडू येतं, असं असेल तर तिला डॉक्टरांकडे नेतो किंवा 14416 हा टेलिमानसचा नंबर लावून देतो. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

तुमच्या गटात अशी कुणी असेल, तर आजच तिच्याकडे जा. हप्त्याचं नंतर बघू.